सहा तास दहा मिनिटं

३ तारीख, सोमवार
ताईचा फोन. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन चौदाला. नंतर महिनाभर दिवसातून चारदा थेंब घालायचे, स्वतःचे स्वतःला जमत नाहीत, येशील का म्हणाली. मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. बाराला तिथे हजर. ठरलं म्हणजे ठरलं.

४, मंगळवार
आशियाच्या या टोकाला मी, त्या टोकाला ताई. ४,७०० किलोमीटर. थेट विमान, सहा तास दहा मिनिटं. मला बघावं लागत नाही, तेरा वर्षं ट्रॅव्हल एजन्सीत लोकांची तिकिटं काढतोय. स्वतः अजून विमानात बसलेलो नाही. पण शिंपी काही गिऱ्हाइकाचे कपडे घालून फिरत नाही.

६, गुरुवार
तिकीट काढणारच होतो. मग वाटलं, विमान म्हणजे काय प्रवास आहे? नुसती हलवाहलव. खरा प्रवास जमिनीवरून. दोन ट्रेन, एक बोट, तीन बस: नऊ दिवस. म्हणजे बाराला पोचायला तीनलाच निघायला हवं होतं. ताईने फोनच उशिरा केला.
शेजारच्या टेबलवाली म्हणाली, विमानाला घाबरता की काय? मी हसलो. जरा जास्तच मोठ्याने. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

११, मंगळवार
काढलं तिकीट! उद्या सकाळी नऊचं. साहेबांनी न मागता पंधरा दिवस रजा दिली. ताई म्हणाली, तुझा पलंग खिडकीशी सरकवून ठेवलाय. धड दिसत नाही आणि पलंग कसले सरकवते!

१२, बुधवार, सकाळी ११
ऑफिसात आहे. पहाटे पोटात कालवलं. असलं पोट घेऊन बसायचं म्हणजे शेजारच्या प्रवाशावर अन्याय. ताईला फोनवर सांगितलं, सीझन आहे, साहेब सोडत नाहीत. साहेब समोरच होते. मान खाली घालून फाइल चाळत राहिले. फार लाज वाटली.

१४, शुक्रवार
ऑपरेशन छान झालं. थेंब शेजारीण घालते. तिचा हात थरथरतो, एक डोळ्यात तर चार कानात, असं ताई हसत सांगत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवारी नक्की.

१७, सोमवार
आज वारा फार आहे.

२०, गुरुवार
वारा नाही. पण खाली नाही म्हणजे वर नाही असं थोडंच आहे?

२२, शनिवार
शेजारच्या टेबलवालीने एक तिकीट पुढ्यात सरकवलं. ताईचं! तिकडून इकडे, उद्याचं. ताईने परस्पर ऑफिसात फोन करून हिच्याकडूनच काढून घेतलं होतं. निरोप असा: डॉक्टर हो म्हणालेत. तुला रजा मिळत नाही ना, मग मीच येते.
उद्या विमानतळावर वेळेआधी पोचायचं. एवढं तरी करीनच.

२३, रविवार
घरापासून विमानतळ बावीस किलोमीटर. दुपारी बाराला निघालो, पाऊणला पोचलो. विमान सव्वाचं. पण गाडीतून उतरवेना. भीतीचा प्रश्नच नव्हता, विमानात मी थोडाच बसणार होतो? पण ताईला कुठल्या तोंडाने भेटू? विमान वेळेवर उतरलं. मी पावणेतीनला आत गेलो.
ताई बाकावर एकटी. काळा चष्मा, मुठीत थेंबांची बाटली. दुपारची वेळ चुकू नये म्हणून एका अनोळखी बाईंकडून थेंब घालून घेतले होते.
तिचे ४,७०० किलोमीटर: सहा तास दहा मिनिटं. माझे बावीस: पावणेतीन तास.
मला बघून ती बाकावर जरा सरकली. म्हणाली, आलास? बस. दमला असशील.