झाकून ठेवलेला पाऊस

चि. धाकटीस,

मोठीचा आशीर्वाद घे आणि पाठीला उशी लावून मगच वाच, कारण मी एकदा सुरू झाले की थांबत नाही, हे तुला पाळण्यापासून ठाऊक आहे. तुझे गुडघे, तुझ्या घरच्यांचा खोकला आणि तुझी ती भांडकुदळ सून, सगळे जागच्या जागी असतील असं धरून चालते. मी ठीक आहे. शेत ठीक नाही. दोनदा भात पेरला, दोनदा पाण्याखाली कुजला. पाऊस हल्ली तुझ्या दिरासारखा वागतो. बोलावलं तर येत नाही, आला की हलत नाही. आता एकदाच पेरण्यापुरते दिवस उरलेत. तेही हुकलं तर वर्षभर रिकाम्या कणगीकडे बघत बसायचं.

तर शेतीखात्याची एक बाई आली (मागे आम्ही तिला पाऊसबाई म्हणतो, तोंडावर मॅडम). हवा बदलली, तुम्हीही बदला म्हणाली, आणि माझ्या बांधावर पाऊस मोजायची काचेची नळी रोवून गेली. रोज सकाळी आत किती पाणी साचलं ते वहीत लिहायचं, ते तिला कळवायचं, मग काय पेरायचं ते वरून फोनवर येणार. सगळ्या वस्तीत वही मलाच दिली. (मास्तरांना आधी कळतं, तर चौथीत मला वर्गाबाहेर उभं करताना दहादा विचार केला असता.) आता परक्याची वस्तू, त्यातून काचेची. आभाळ भरून आलं की मी नळीवर तांब्या पालथा घालायची, उगाच भिजायला नको. सकाळी वहीत प्रामाणिकपणे शून्य. एकवीस शून्यं, एकापेक्षा एक गोल.

बाविसाव्या सकाळी वही घेऊन गेले तर पाणी असं निवांत पसरलेलं की शेत कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं, कळेना. पायाखालून ढग चालले होते. एक बारका मासा येऊन माझा घोटा हुंगून गेला, जणू शेत त्याचं आणि मी आगंतुक. किती वेळ उभी होते कोण जाणे. वाटलं, आपण भात पेरलाच नव्हता, आभाळच पेरलं होतं, आणि पीक काही वाईट आलेलं नाही. तेवढ्यात नात फोन नाचवत ओरडली, "आजी, वरून आलं! तुमच्याकडे कोरडा दुष्काळ, कमी पाण्याचं बियाणं पेरा!"

पाऊसबाई चपला हातात घेऊन धावत आली. "अहो आजी, तांब्या कशाला?"

"तुमचीच वस्तू जपली, तर आमचंच चुकलं?"

तिने आधी कपाळाला हात लावला, मग हसायला लागली, आणि हसता हसता घसरून माझ्या आभाळात कमरेपर्यंत बसली. तिथूनच विचारलं, "अशा पाण्यात तग धरणारं जुनं बियाणं आहे का हो कुणाकडे? आमच्या गोदामात नाही." मी म्हटलं, नाही. (खोटं बोलले. का, ते खाली येईल.)

पेन्सिल झिजली, आता पुरे.

तुझी मोठी

ता. क. आईचं ते उंच भाताचं बियाणं, जे तू सासरी जाताना उशीत भरून नेलंस आणि ज्याला मी चाळीस वर्षं 'बगळ्याची तंगडी' म्हणून हसले, ते पाणी चढेल तसं वाढतं ना? इतकी हसल्यावर पाऊसबाईसमोर त्याचं नाव कुठल्या तोंडाने घेणार होते? अजून पेरतेस ना? मूठभर पाठव. आठ दिवसांच्या आत.

आणखी ता. क. माझं चुकलं असं या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, चष्मा लावून शोधू नकोस.

शेवटचं ता. क. नळी आता उघडी असते. आज काठोकाठ भरली होती. तिच्यावरचे आकडे संपले, म्हणून वहीत 'पुष्कळ' लिहिलं. बियाणंही तेवढंच पाठव.