निळ्या गोलाची दारं

३ मार्च
गुडघे नव्हेतच! दोन वर्षं मी यांचे गुडघे चोळतेय, आणि दुखणं भलतीकडेच.

बँकेत चला म्हटलं तर नेहमीचं – "तू जाऊन ये." आज मी हटूनच बसले. तेव्हा जमिनीकडे बघत म्हणाले, "वाटेत लागली तर जाऊ कुठे?" बाजारात एकदा फजिती झाली होती म्हणे. मला पत्ता नाही! जन्मभर हॉस्पिटलात नर्स म्हणून लघवीच्या पिशव्या बदलल्या – आणि घरच्या माणसाला माझीच लाज!

म्हणूनच लेकीने तिच्या शहरात आमच्यासाठी बघितलेल्या फ्लॅटला हो म्हणून बसलेत. "घरातच बसायचं, तर इथे काय नि तिथे काय!" मला नाही जायचं. सगळं आयुष्य या रस्त्यावर गेलं.

५ मार्च
बाजारपेठ पालथी घातली. एका स्वच्छतागृहाला कुलूप, दुसऱ्यात झाडू आणि पाइप कोंबलेले. वरच्या मजल्यावरच्या विधवा बाई बाहेर जायच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. भर उन्हाळ्यात!

९ मार्च
चष्मेवाल्याला सरळ विचारलं, दुकानात स्वच्छतागृह आहे का. "मागे आहे की, काकू. आजवर कुणी विचारलंच नाही."

त्याच्या काचेवर निळ्या कागदाचा गोल चिकटवला. गोल दिसला की खुशाल आत जायचं. काही विकत घ्यायला नको, कारण सांगायला नको. गोल यांनीच कापून दिला. नकाशे काढणाऱ्याचा हात – कडेला एक कंगोरा नाही.

१० मार्च
हे चष्मेवाल्यापर्यंत आले! परत आल्यावर पेपर वाचत बसले, जसं काही झालंच नाही. मला मात्र आतून उकळ्या फुटत होत्या.

१६ मार्च
बेकरीवाली हो म्हणाली. न्हावीही. कापडवाला मात्र ताडकन, "दुकान आहे हे, धर्मशाळा नाही."

मी म्हटलं, "तुमच्याकडे एक कापड पसंत करायला तास लागतो. म्हातारं गिऱ्हाईक अर्ध्यातून का पळतं, कधी विचार केलाय?"



१७ मार्च
कापडवाल्याचा निरोप – "गोल पाठवा. जरा मोठा पाठवा."

२ एप्रिल
बाजारात मला 'मुतारीवाल्या बाई' म्हणतात, असं कळलं. म्हणोत! याआधी मला कोण ओळखत होतं?

२४ एप्रिल
गोलांची गोष्ट ऐकून महानगर विकास कार्यालयात बोलावलं होतं. आसपासच्या गावांचे अधिकारीही होते. पोरसवदा साहेब नुसते अडखळत होते – "ज्येष्ठांसाठी ती... म्हणजे ती सुविधा..."

"साहेब, लघवी म्हणा. सगळ्यांनाच लागते."

सगळे खो खो हसले, पण त्यानंतर खरं बोलायला लागले. एकाचे वडील लग्नकार्याला येत नाहीत, एकाच्या आईने बसचा प्रवासच सोडलाय. शेवटी ठरलं – निळा गोल सगळ्या गावांत लागणार. बंद स्वच्छतागृहं उघडणार, बसथांब्यांजवळ नवी बांधणार. घरी चालत आले, मान अशी ताठ! या वयात!

यांना सांगितलं. "वा," म्हणाले. एवढंच. मग कपाटातून जुनी मोजपट्टी काढून पुसत बसले.

६ मे
वरच्या बाई नातवाच्या शाळेत जाऊन आल्या. वाटेत दोनदा पाणी प्यायल्या, हे मला दोनदा सांगितलं.

घरात मात्र खोकी येऊन पडलीत. लेकीने पाठवली सामान भरायला. एकाही खोक्याला हात लावला नाही. यांच्याशी बोलायचा धीर होत नाही. यांनी लेकीला शब्द दिलाय, आणि हे शब्द फिरवणारे नव्हेत.

११ मे
लेकीचा फोन. रविवारी फ्लॅटच्या सह्या. मी तोंड उघडणार, तोच यांनी फोन घेतला. "रविवारी नाही जमायचं गं. नदीपलीकडच्या गावात गोल लावायचेत, नकाशा मी करतोय. पुढचा रविवार? तोही नाही." मग जरा थांबून – "बिल्डरला फ्लॅट दुसऱ्या कुणाला देऊ दे, बाळा."

फोन ठेवला आणि माझ्यावरच डाफरले, "माझे चालायचे बूट कुठे ठेवलेस?"