वीस फुटी ध्येय

आदरणीय संयोगिता आत्या यांच्या चरणी वर्षाराणीचा नमस्कार.

हे पत्र लिहिण्याचे धाडस केल्याबद्दल प्रथम क्षमा मागते. आपल्या घरातून मुरगूडला पत्र लिहायचे ते आण्णांनीच, आणि तेही दिवाळीला, अशी रीत असताना त्यांच्या मुलीने भर जुलैत, कोणी न सांगता, लेखणी उचलावी हे माझे मलाच आगाऊपणाचे वाटते. (फोन करता आला असता, पण फोनवर समोरचे माणूस लगेच उत्तर देते आणि मग मला पुढचे काही सुचत नाही.) आपले गुडघे कसे आहेत? जिना उतरताना अजून दुखतात का? इकडे आई बरी आहे, आण्णा बरे आहेत, त्यांची पिठाची गिरणी दमट गव्हावर कुरकुरत का होईना चालू आहे, आणि मीही एकंदरीत सुखात आहे. फरक एवढाच पडला आहे की गेल्या महिन्यापासून मी भावी जिल्हाधिकारी आहे. ते कसे घडले हे सविस्तर लिहिते, कारण थोडक्यात लिहिले तर ते खरे वाटणार नाही.

बी.ए.चा निकाल लागल्यावर आमच्या महाविद्यालयात ध्येयनिश्चितीची कार्यशाळा झाली. व्याख्याते पुण्याचे होते आणि गालाला माइक चिकटवून बाकांमधून फिरत होते. त्यांनी सांगितले की ध्येय स्पष्ट असावे, मोजता यावे, आपल्या आवाक्यातले असावे, त्याला मुदत असावी. आणि ते अशा एका माणसाला सांगून ठेवावे, जो पुढे आपल्याला स्वस्थ बसू देणार नाही. मी (सवयीप्रमाणे सर्व सूचना उतरवून घेऊन) लिहिले की एका वर्षात ग्रंथालयशास्त्राची पदवी घ्यायची आणि मग एखाद्या शांत ग्रंथालयात ग्रंथपाल व्हायचे. शांतता कशी मोजणार, असे त्यांनी मला उभे करून विचारले. मी बाकाची कड घट्ट धरून म्हणाले, जिथे पंख्याचा आवाज ऐकू येतो तिथे. सगळे हसले, पण व्याख्यात्यांनी ते वाक्य टिपून घेतले, असे मला वाटले. राहता राहिली शेवटची सूचना. स्वस्थ बसू न देणारे माणूस म्हणून मी आपल्या धाकट्या बंधूंची, म्हणजे आकाराम काकांची, निवड केली. ते आपल्या गल्लीतील तालमीचे अध्यक्ष आहेत आणि त्यांनी आजवर कोणालाही स्वस्थ बसू दिलेले नाही, हे आपण जाणताच. चूक झाली ती इथे.

काकांनी गिरणीत, दळणाला आलेल्या सात-आठ माणसांच्या देखत, माझे ध्येय पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाले, “ग्रंथपाल? आगं, विद्यापीठात नंबर काढलाईस न्हवं तू? मी वीस फुटी फ्लेक्स सांगूनबी आलोय. ‘भावी ग्रंथपाल’ एका कोपऱ्यात बसतंय की. उरल्या जागंत काय घालू?” मी म्हणाले, मोकळी सोडावी. (मला पानावरची मोकळी जागा खरोखरच आवडते.) तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला: ‘भावी जिल्हाधिकारी कु. वर्षाराणी यांस हार्दिक शुभेच्छा.’ माझा फोटो परीक्षेच्या ओळखपत्रावरून घेतल्यामुळे डोळे अर्धे मिटलेले आहेत. काका गॉगल लावून दाराएवढे उभे आहेत. शिवाय तालमीचे सर्व सभासद आहेत आणि गेल्या वर्षी शर्यतीत पहिला आलेला त्यांचा बैल आहे. बैलाचे डोळे पूर्ण उघडे आहेत.

मी त्याच दिवशी खरे सांगायला हवे होते, असे आपण म्हणाल. मी अनेकदा तोंड उघडले. प्रत्येक वेळी कोणीतरी त्यात पेढा घातला. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या बाळाबाई कोपऱ्यावरच्या बंद दिव्याची तक्रार घेऊन आल्या. मी अजून कोणीही नाही, असे मी शक्य तितक्या स्पष्टपणे सांगितले. त्या म्हणाल्या, “व्हय, पण हुणारच हाईस की! आत्ताच सांगून ठेवलं म्हंजे नंबर तरी लागतोय.” त्यांच्यामागे गणपतराव, गिरणीचे जुने गिऱ्हाईक, बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याची कैफियत घेऊन उभे होते. मला नाही म्हणता येत नाही. म्हणून मी वाचनालयात जाऊन दिव्याची तक्रार कोठे करायची आणि जमिनीच्या मोजणीचा अर्ज कसा लिहायचा, हे शोधून काढले आणि दोघांना त्या त्या पानाची प्रत दिली. (ती दुपार फार आनंदात गेली. वर पंखा ऐकू येत होता.) दुर्दैवाने दिवा लागला. मोजणीची तारीखही मिळाली. त्यामुळे लोकांचा माझ्यावरचा विश्वास पक्का झाला आणि गिरणीत दळणापेक्षा माझ्यासाठीची रांग लांब होऊ लागली. माझ्या परीने मी ग्रंथपालाचे काम करत होते. पाहणाऱ्यांना त्यात जिल्हाधिकारी दिसत होता.

अखेर गेल्या रविवारी तालमीत माझा सत्कार झाला. मला फेटा बांधला (तो कानांवर आल्यामुळे भाषणे जरा कमी ऐकू आली, ही सोयच झाली) आणि हातात माइक दिला. आत्या, मी बोलले. कशाचीही कड न धरता बोलले. मी म्हणाले की मला जिल्हाधिकारी व्हायचे नाही, ती माझी इच्छाही नाही आणि तो माझा पिंडही नाही. मला ग्रंथपाल व्हायचे आहे. मग असा टाळ्यांचा कडकडाट झाला की फेटा आणखी खाली आला. काकांनी माइक ओढून घेतला आणि ते गरजले, “बघा पावणं, बघा! एवढी शिकल्याली पोरगी, पण गर्व म्हनून न्हाय! हिला म्हंत्यात नम्रता!” आण्णांनी उपरण्याने डोळे पुसले आणि तिथेच जाहीर केले की पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या वर्गात माझे नाव घातले आहे, खोलीही पाहिली आहे, येत्या रविवारी पहाटे निघायचे. इकडे ग्रंथालयशास्त्राच्या प्रवेशाची शेवटची तारीख त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी आहे.

बाकी सर्व ठीक आहे. आईने आपल्यासाठी कटाच्या आमटीचा मसाला करून ठेवला आहे. गुडघ्यांना जपावे आणि लहान तोंडी लिहिलेल्या या मोठ्या पत्राचा राग मानू नये.

आपली आज्ञाधारक भाची,
वर्षाराणी

ता. क. मसाला नेण्यासाठी आपण शनिवारीच यावे, ही कळकळीची विनंती आहे. आल्यावर गिरणीत, गिऱ्हाइकांची गर्दी असताना, आण्णांना आणि काकांना सांगावे की ही मुलगी जिल्हाधिकारी होण्याच्या लायकीची नाही. मी सांगितले तर ती नम्रता ठरते. आई सांगेल तर ती माया ठरेल. आपण मात्र आजवर कोणाचे कौतुक केल्याची नोंद नाही. दहावीत मी जिल्ह्यात मराठी माध्यमातून पहिली आले तेव्हा सगळ्यांनी साड्या पाठवल्या, आपण निरोप पाठवलात, “गणितातलं दोन मार्क कुठं गेलं?” एखाद्याच्या उणिवांविषयी आपला शब्द या घरात शेवटचा असतो. माझा आवाज टेबलाच्या पलीकडे पोचत नाही, मी विचारांच्या नादात दुसऱ्याच्या चपला घालून घरी येते, आणि अतिक्रमण काढायला गेले तर करणाऱ्याचीच क्षमा मागून परत येईन, हे मुद्दे वापरावेत. सर्व खरे आहेत.

दुसरा ता. क. मात्र बोलण्याच्या ओघात मी ग्रंथपालही होऊ शकणार नाही, असे कृपया म्हणू नये. ते काम मला चांगले जमेल. हे वाक्य मी नम्रतेने लिहिलेले नाही.

स्पीड पोस्टाने रवाना, कोल्हापूर, मंगळवार, दि. १५ जुलै २०२५, दुपारी ३ वाजून २० मिनिटे.