दोरीवरचे सदरे

ताईस धाकट्याचा नमस्कार.

मी मजेत आहे. बसून काम, त्यामुळे पोट सुटलंय. आईचा गुडघा कसा आहे? तिला इथपर्यंतच वाचून दाखव.

शत्रूच्या बंदरावर आपण अचानक हल्ला केला, हे तू पेपरात वाचलं असशील. त्या बंदराचे विमानातून काढलेले फोटो मीच भिंगाखाली तपासायचो. रविवारी सकाळी त्यांचे खलाशी डेकवर कपडे वाळत घालतात, तोफांपाशी कुणी नसतं, हे मीच साहेबांना दाखवलं. त्यांनी तीच वेळ धरली. नंतर सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

हल्ल्यानंतरचे फोटोही माझ्याच टेबलावर आले. एक जहाज अर्धं बुडालेलं, आणि वर दोरीवर सदरे तसेच. ते काढायला कुणी उरलं नव्हतं. ताई, तेव्हापासून घास उतरत नाही.

काल दुसऱ्या बंदराचे फोटो आले. डेकवर माणसं जमलेली, बहुतेक जेवायला.

"काय दिसतंय?" साहेबांनी विचारलं.

"ढग आहेत, साहेब. काहीच दिसत नाही."

त्यांनी फोटो उचलून उजेडात धरला, मग बराच वेळ माझ्याकडेच बघत राहिले.

हे पत्र रजेवर निघालेल्या मित्राच्या हाती देतोय. उत्तर या पत्त्यावर पाठवू नकोस.

तुझाच,
धाकटा