रक्तगटाचा रकाना

चिखली, ४ मार्च २०२४

चि. सौ. दिव्या हिस, दादाचे अनेक आशीर्वाद.

आठ दिवस तुझे फोन कट करतोय. रविराजरावांनी तुझ्या या गरोदरपणातला रिपोर्ट पाठवला, त्यावर ओ निगेटिव्ह वाचलं, तेव्हापासून. बोलायचा धीर होत नाही, म्हणून लिहितो.

तू आमच्या वायरिंगच्या लाइनवर लागलीस तेव्हा गेटपास मीच भरले. ठेकेदाराला दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला एकेचाळीस बायका गेटच्या आत हव्या होत्या. रक्त तपासायला वेळ कुणाला? मी सरसकट ओ पॉझिटिव्ह लिहून मोकळा झालो. सख्ख्या बहिणीच्या पासवरसुद्धा! मग गेल्या वर्षी तुझं अडीच महिन्यांचं पोटातच गेलं. रविराजराव बाहेरगावी, दवाखान्यात मीच नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्तगट विचारला, तर मी ऐटीत तुझा पास पुढे केला. तो बघूनच त्यांनी निगेटिव्ह गटाच्या बायकांना देतात ते इंजेक्शन लागणार नाही म्हटलं. मला स्वतःची लाज वाटते गं.

तब्येतीला जप. जमलं तर माफ कर.

तुझा, नवनाथ


सांगवी, ९ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. फोन कट करून काय मिळवलंस, शहाण्या?

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं ते तुलाही कळू दे. आमचे हे पॉझिटिव्ह, म्हणून पहिलं बाळही तसंच असणार. त्याचं थोडं रक्त माझ्या रक्तात मिसळलं. माझ्या बी पेशींना त्यावरची खूण परकी वाटली, त्यांनी तिच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या. त्यातल्या काही पेशी ती ओळख धरून वर्षानुवर्षं राहतात. आता तीच खूण पुन्हा दिसल्यावर त्या झपाट्याने कामाला लागल्या. अँटिबॉडी वारेतून बाळापर्यंत जातात आणि त्याच्या लाल पेशी फोडतात. तेव्हा बहात्तर तासांत इंजेक्शन मिळालं असतं, तर बी पेशी शिकायच्या आतच ते परकं रक्त साफ झालं असतं. आता त्याचा उपयोग नाही. दर आठवड्याला सोनोग्राफी आहे. बाळाचं रक्त फार कमी झालं तर पोटातच द्यावं लागेल.

सासूबाई म्हणतात, माहेरच्यांनी लपवलं. मी गप्प बसते. पण उरलेल्या चाळीसजणींचं काय रे? त्यांना तूच सांगायचंस.

वहिनीला नमस्कार. रागावले तरी माया आहेच.

दिव्या


चिखली, १७ मार्च

चि. सौ. दिव्या हिस, आशीर्वाद.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर कबूल केलं. मान वर होत नव्हती. ठेकेदार चिडला, पण रक्त तपासून घेतलं. तिघी निगेटिव्ह निघाल्या. त्यातली पिंकी चार महिन्यांची गरोदर आहे, पहिलंच. तिचा रिपोर्ट मी स्वतः तिच्या डॉक्टरांकडे दिला, तिला इंजेक्शन वेळेवर मिळेल. तुझ्या सासूबाईंनाही फोन करून चूक कुणाची ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

बायकांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पिंकीने एवढंच विचारलं, "दादा, तुमच्या बहिणीचं बाळ कसं आहे?" मला सांगता येईना. एवढं लांबलचक पत्र लिहिलं तुला, त्यात नुसती माझीच लाज. जे आधी विचारायचं तेच विचारलं नाही.

लोभ मागायचा हक्क राहिला नाही, तरी असू दे. पण दिव्या, बाळ कसं आहे?

तुझा दादा