टोकाची गाठ

प्रिय वहिनी,

तुमच्या दारापर्यंत चारदा येऊन परत गेलो. समोर बसून बोलायला तोंड उघडत नाही, म्हणून लिहितो आहे. उस्ताद गेल्यापासून सगळे एकच बोलतात, की दोराच्या टोकाला गाठ मारायला तो विसरला. ठेकेदार तेच म्हणाला. आता तुम्हीही तेच म्हणू लागला आहात.

दरीत उतरायची हौस त्याचीच. रोज वीस मजल्यांवर लटकून लोकांच्या काचा पुसतो, एकदा धबधब्यावरून उतरून बघू, म्हणाला. त्यासाठी दोन दिवस शिकूनही आला. निघताना तुम्ही म्हणालात, भावजी, तुम्ही सोबत आहात म्हणून मला घोर नाही. मी प्रत्येक कडी तीनदा तपासतो, म्हणून कामावर मला सगळे मोजपट्टी म्हणतात. हा स्वर्गाच्या दाराचे बिजागरही तपासून मगच आत जाईल, असं सांगून उस्ताद वाटभर ड्रायव्हरला हसवत होता.

पहिले दोन धबधबे आम्ही पोरांसारखे ओरडत उतरलो. गार पाणी डोक्यावर पडलं तेव्हा उस्ताद चक्क तुमच्या नावाने ओरडला, आणि घरी सांगू नकोस म्हणाला. तिसरा उंच होता. तुषारांमुळे तळ दिसत नव्हता. उस्तादने माझ्यासमोर दोराच्या टोकाला गाठ मारली, ओढून बघितली आणि दुसरं टोक झाडाला बांधायला वर गेला. मी दोर पिशवीत भरत होतो. सवयीने वीतभर-वीतभर हातातून सरकवून तपासत होतो. इमारतीवर आमचा दोर जमिनीवर लोळतो, आणि टोकाला गाठ राहिली तर ती खिडकीच्या चौकटीत अडकते. गाठ हाताला लागली की सोडायची, हे मला उस्तादनेच शिकवलं होतं. गाठ हाताला लागली. मी ती सोडली, टोक सरळ केलं आणि पिशवी खाली फेकली. दोर तळापर्यंत पोचलाच नाही. उस्ताद आधी उतरला आणि दोराच्या मोकळ्या टोकावरून सुटून खाली गेला. गाठ असती तर तो टोकाशी अडकून राहिला असता, मला शिव्या देत.

रविवारी तुमची लेक जिन्यात भेटली. काका, बाबा गाठ मारायला विसरले ना, असं तिने विचारलं आणि मी मान हलवली. हो म्हणून. आज सकाळी पोलिसांना सगळं लिहून दिलं आहे, पण तिला ते बाहेरून कळू नये. तिला तुम्ही सांगा, की बाबा विसरले नव्हते, काकाने गाठ सोडली. मग तिने मला काका म्हटलं नाही तरी चालेल.

तुमचाच अपराधी