शिकवलेलं पाणी

सोमवार
आलो एकदाचे. घर प्रयोगशाळेच्या मागेच आहे. नळाला भरपूर पाणी, आणि कंपनीकडून स्वागताला सुवासिक साबणांची पेटी. चिमणीला, म्हणजे आमच्या चार वर्षांच्या कन्यारत्नाला, तो वास इतका आवडला की वडी उशाशी घेऊनच झोपली.

काम सोपं आहे. साबणातलं नवं सुगंधी द्रव्य पाण्यात गेल्यावर आपोआप कुजतं की तसंच राहतं, ते पाहायचं. सांडपाण्यातले जंतू बाटलीत घ्यायचे, खायला फक्त सुगंध द्यायचा, झाकण घट्ट लावून अंधारात ठेवायचं. जंतू जेवले तर बाटलीतला प्राणवायू घटतो. उपाशी राहिले तर द्रव्य नापास.

बुधवार
आमच्या वरिष्ठ बाई दारातच प्रत्येकाचा हात हुंगतात. अंगाला साबणाचा वास घेऊन आत यायचं नाही, म्हणाल्या, आणि मला शाळकरी पोरासारखं परत पाठवलं. माझ्याआधी इथे असलेल्या माणसाचा कोट अजून खुंटीला आहे. तो कुठे गेला विचारलं तर त्यांनी विषय बदलला.

शुक्रवार
प्राणवायू धडाधड घटतोय. इतक्या चटकन हे द्रव्य संपूच शकत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

सोमवार
सापडलं. बाई ताजं सांडपाणी वापरतच नाहीत. मागच्या बाटल्यांतलं पाणी एका बुधल्यात राखून ठेवतात आणि पुढच्या बाटल्यांत विरजणासारखं घालतात. पिढ्यान्‌पिढ्या सुगंधच खाऊन तयार झालेले जंतू. म्हणजे पेपर फोडून परीक्षेला बसवल्यासारखं. माझं डोकंच फिरलं. त्या जेवायला गेल्यावर अख्खा बुधला मोरीत ओतला. थोडं हातावर उडालं.

मंगळवार
बाई रागावल्या नाहीत, पांढऱ्या पडल्या. म्हणाल्या, मोरीचं पाणी गाळून तुमच्याच घराच्या टाकीत जातं. मग विचारलं, तो साबण घरी कोण वापरतं. आधीचा माणूसही वापरायचा, सुगंधामागोमाग जंतू त्याच्या अंगाला लागले, म्हणून तर मी हात हुंगते. तो कुठे गेला नाही, कमी कमी होत गेला, म्हणाल्या. कोट हुंगायला लावला. कशाचाच वास नाही, घामाचाही नाही.

बुधवार
उडालं होतं तिथे हात गुळगुळीत झालाय. केस नाहीत, रेषा नाहीत. दुखत नाही. बायकोला साबण फेकायला सांगितला. ही म्हणाली, चिडता कशाला, त्याचा वास तसाही गेलाय.
मला भीती वाटते आहे.

गुरुवार
घरातला लसूण नाकाशी धरला. काही नाही. नाकच गेलं म्हणावं, तर प्रयोगशाळेतल्या फिनेलचा वास स्पष्ट येतो. नळ बंद केलेत. चिमणीला आंघोळ घालायची नाही, हिला बजावलं. कारण सांगायला हवं होतं — हसेल म्हणून —

शुक्रवार
दुपारीच घरी आलो. न्हाणीघर ओलं. हिने नळ सोडून घातलीच आंघोळ — पोर घामेजली होती म्हणे —
चिमणी मांडीवर येऊन बसली. तिच्या टाळूला रोज दुधासारखा वास येतो. आज —
पुन्हा हुंगलं —
गुदगुल्या होतायत म्हणते. मी हात लावलेला नाही. आतून होतायत म्हणते. हसते आहे. तिच्या तळहाताच्या रेषा —
ही बाईंना बोलवायला धावली. मी घट्ट धरून बसलोय, पण मांडीवरचं वजन —